गॅस चहाला, चूल अंघोळीला

गेल्या वर्षी डिसेंबरात मी स्वारगेटवरून भोरची एसटी पकडली तेव्हा मांडीवर नेब्युलायझरचं खोकं होतं. भाच्यासाठी. तो तेव्हा साडेतीन वर्षांचा, आणि दिवाळी झाल्यापासून त्याचा खोकला जातच नव्हता, रात्री दोन-अडीचला सुरू व्हायचा, छातीतून शिट्टी वाजल्यासारखा आवाज यायचा आणि वहिनी त्याला खांद्यावर टाकून पडवीत येरझाऱ्या घालायची. फोनवर मला तो आवाज ऐकू यायचा. मी इथं धायरीत आणि ते तिकडं भोरच्या पुढं, भाटघर धरणाच्या पाण्याच्या कडेला, गाडी असली तर अंतर काही फार नाही पण रात्री दोनला तेच अंतर किती लांब वाटतं ते ज्याचं कुणी गावाकडं आजारी असतं त्यालाच कळतं. डॉक्टरांनी वाफ द्यायला सांगितली होती, दर वेळी पोराला मोटरसायकलवर बसवून थंडीत भोरला न्यायचं, वाफ द्यायची आणि परत आणायचं. म्हटलं मशीनच घरी असू दे. दुकानदार म्हणाला, ताई, लहान मूल आहे ना घरात, मग हे लागतंच. घेतलं.

रात्री मशीन लावलं, पोरगं शांत झोपलं, सगळ्यांना बरं वाटलं, आईने तर मशीनला हळदीकुंकू वाहिलं.

पहाटे पाचला मला जाग आली ती वासाने. लहानपणापासून ओळखीचा वास, ओलसर लाकूड, वर टाकलेली गवरी आणि बाहेरचं धुकं. मागच्या अंगाला आईने पाणचुलीवर हंडा चढवला होता आणि फुंकणीचा आवाज येत होता. मी पांघरुणातच होते, कितीला उठली ही म्हणून वेळ बघायला मोबाईल घेतला आणि चुकून टॉर्च लागला, तर त्या उजेडात धुराचा अख्खा पट्टा दिसला. खिडकीच्या वरच्या झडपेतून आत यायचा, कौलाखाली साचायचा आणि मग हळूहळू खाली उतरायचा. भाचा बरोब्बर त्या खिडकीखाली झोपलेला. का तिथं, तर ती भिंत उबदार असते. पलीकडून पाणचूल पेटली की भिंत तापते, म्हणून आमच्या घरात थंडीत सगळ्यात लहान पोराचं अंथरूण कायम त्या भिंतीला. मी पण तिथंच झोपायचे. दादा पण. मायेनेच झोपवतात हो, दुसरं काय.

सकाळी ओलं फडकं घेऊन त्या भिंतीचा अंथरुणावरचा हातभर भाग पुसला. फडकं काळं. गणपतीच्या आधीच रंग दिला होता त्या भिंतीला.

आता जी गोष्ट मला सगळ्यात जास्त सांगायचीय ती ही, की वहिनीला भोरच्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, घरात चूल आहे का. आणि वहिनी म्हणाली होती, नाही, गॅस आहे. ती खोटं बोलली नाही. तिच्या दृष्टीने चूल म्हणजे स्वयंपाकघरातली, जिच्यावर भाकरी होते ती, आणि ती तिने स्वतः मागे लागून बंद करवली होती. मागची ती पाणचूल. तिला कोण चूल म्हणतं? ती तर बाहेर आहे, न्हाणीपाशी. डॉक्टरांनी विचारलेलं बरोबर, वहिनीने सांगितलेलं बरोबर, आणि पोराच्या नाकातोंडात रोज पहाटे धूर.

घरी आल्यावर मी हिशेब मांडत बसले. गॅसवर सकाळचा चहा, दादाचा डबा, दूध तापवणं, संध्याकाळी एखादी भाजी, सगळं मिळून दीड-दोन तास. पाणचूल पहाटे पाचपासून आठपर्यंत, कारण सहा माणसं, एकेकाची अंघोळ होणार, मध्ये परत हंडा भरणार, मग म्हशींच्या आंबोणाचं पाणी, मग धुण्याचं पाणी. म्हणजे घरात गॅस येऊन इतकी वर्षं झाली आणि दिवसातला जास्त वेळ जाळ होतोय तो लाकडाचाच. त्यातून लाकूड सुकं असतं असं नाही. आणि पेटवायला काय, तर दुधाची पिशवी, वेफर्सचं पाकीट, तुटलेल्या चपलेचा तुकडा. रॉकेल मिळायचं बंद झाल्यापासून गावात सर्रास प्लास्टिकनेच पेटवतात, ओल्या सरपणाला ते पटकन धरतं म्हणून. त्या धुराचा वास वेगळा येतो, घशात बसतो. मला तो इतक्या वर्षांत कधी खटकला नव्हता याचं मला फार वाईट वाटलं.

उज्ज्वला योजना २०१६ च्या १ मे ला सुरू झाली, आणि ८ कोटीवं कनेक्शन २०१९ च्या सप्टेंबरात आपल्याच महाराष्ट्रात, तेव्हाच्या औरंगाबादेत दिलं गेलं. आमच्या घरचा गॅस त्या लाटेतलाच. मी त्या योजनेला नावं ठेवणार नाही, माझ्या वहिनीच्या डोळ्यांचं पाणी तिने थांबवलंय. पण चौदा किलोची टाकी आठशेच्या वर गेली की घरातली बाई आपोआप वाटणी करते, गॅस कशाला आणि लाकूड कशाला. सबसिडी धरून पण करते. आणि अंघोळीचं पाणी त्या वाटणीत कायम लाकडाकडं जातं, कारण सहा हंडे पाणी गॅसवर तापवायचं म्हणजे पैसे जाळल्यासारखंच वाटतं आणि करवंदीच्या काटक्या, ऐनाची फांदी बांधावर फुकट पडलेली असते. सरकारी पाहणीतही प्रश्न असतो स्वयंपाकाच्या इंधनाचा. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत खेड्यांमधली ४३.२ टक्के घरं स्वच्छ इंधनावर रांधतात असं निघालं, आमचं घर त्यात असतं तर आमचीही नोंद स्वच्छ अशीच झाली असती.

धुराचं पोरांना नेमकं काय होतं? लाकडाच्या धुरात अगदी बारीक कण असतात, अडीच मायक्रॉनपेक्षा लहान, केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या-तिसाव्या भागाएवढे. मोठी धूळ नाकात, घशात अडते, हे कण पार फुफ्फुसाच्या शेवटच्या फुग्यापर्यंत जातात. श्वासनळीला आतून जी बारीक लव असते, जी कफ आणि जंतू वर ढकलून बाहेर काढते, ती धुराने मंदावते, मग साधी सर्दी छातीत उतरते. लहान मूल आपल्यापेक्षा भराभर श्वास घेतं, त्यामुळं वजनाच्या मानाने त्याच्या आत हवा पण जास्त जाते आणि धूर पण. आणि फुफ्फुस अजून वाढत असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्याप्रमाणं २०२० या एका वर्षात घरातल्या धुराने जगात ३२ लाख माणसं गेली आणि त्यात २ लाख ३७ हजारांपेक्षा जास्त मुलं पाच वर्षांच्या आतली. धुरातल्या मुलांना न्यूमोनिया व्हायचा धोका जवळपास दुप्पट.

हे काही नवीन शोध नाहीत. कर्क स्मिथ नावाचे अमेरिकन शास्त्रज्ञ १९८१ साली गुजरातच्या खेड्यात जाऊन रांधणाऱ्या बायकांच्या अंगावर यंत्र लावून धूर मोजत होते. म्हणजे माझ्या जन्माच्या आधी. आपल्या पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात वढूला पुण्याच्या केईएम रुग्णालयाचं ग्रामीण संशोधन केंद्र कित्येक वर्षं गावोगावच्या श्वासाच्या आजारांवर काम करतंय. पुण्यातलेच डॉ. संदीप साळवी यांनी २००९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं होतं की सिगारेट कधीही न ओढणाऱ्या माणसांनाही सीओपीडी, म्हणजे फुफ्फुसाचा कायमचा धापेचा आजार, होतो आणि त्याचं मोठं कारण चुलीचा धूर. मला ते वाचताना आई दिसत होती. आईने आयुष्यात तंबाखूची मशेरीसुद्धा लावली नाही आणि आता देवळाच्या पायऱ्या चढताना मध्येच दोनदा थांबते, पदराने तोंड पुसल्यासारखं करते म्हणजे धाप लागलेली कुणाला कळू नये.

मी आईला म्हटलं, हे पाणी तापवणं आपल्याला बदलायला लागेल. आई म्हणाली, "तुम्ही दोघं नाही का वाढलात त्याच धुरात? काय झालं तुम्हाला?" मी काही बोलले नाही. आम्ही दोघं नव्हतो, तिघं होतो. माझ्या पाठची बहीण अकरा महिन्यांची असताना पावसाळ्यात छाती भरून गेली, त्याला तेव्हा सगळे डबा झाला म्हणायचे. मला आठवत नाही, मी तीन वर्षांची होते. कशाने गेली ते आता कुणी सांगू शकणार नाही आणि आईच्या तोंडावर ते बोलायचा मला अधिकार नाही. आई पण थोड्या वेळाने गप्प झाली आणि उठून म्हशीकडं गेली.

आता इथं एक गोष्ट लपवली तर ते बरोबर होणार नाही. तमिळनाडू, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा अशा चार ठिकाणी एक खूप मोठा अभ्यास झाला, ३२०० गरोदर बायका घेतल्या, निम्म्यांना गॅसची शेगडी आणि १८ महिने फुकट गॅस दिला. बायकांच्या श्वासातला धूर पार एक तृतीयांशावर आला. पण बाळांच्या जन्माच्या वजनात किंवा गंभीर न्यूमोनियात म्हणावा असा फरक दिसला नाही, ते निकाल २०२२ आणि २०२४ मध्ये आले. मी ते वाचून दोन दिवस खरंच गोंधळले होते. मग मला वाटलं की मूल काही एकट्या शेगडीच्या धुरात वाढत नाही, आईचं खाणं, पाणी, लसी, शेजारचा धूर, थंडी, दवाखाना किती लांब, सगळंच त्यात असतं, एक वस्तू आणून सगळं सुटावं अशी अपेक्षाच मुळात जास्त होती. पण म्हणून पोराला धुरात झोपवायचं का, तर नाही. ज्याच्या छातीत आधीच शिट्टी वाजतेय त्याला तर नाहीच नाही.

धुराबरोबर दुसरी एक गोष्ट सापडली ती म्हणजे मच्छरची कॉइल. धरणाच्या कडेला गाव, डास मरणाचे. रात्री दारं-खिडक्या लावून पोराच्या उशापाशी कॉइल, रात्रभर. तुम्हाला माहितीय का, एक कॉइल पूर्ण जळली की जेवढे बारीक कण बाहेर पडतात ते ७५ ते १३७ सिगारेटींच्या बरोबरीचे असतात, असं २००३ साली छापून आलेल्या एका अभ्यासात मोजलंय. म्हणजे आमच्याकडं रात्री दहा ते पहाटे पाच कॉइल आणि पाच ते आठ पाणचूल, पोराच्या फुफ्फुसाला सुट्टी कधी? आणि त्याच खोलीत आम्ही वाफेचं मशीन लावून बसलो होतो. कॉइल त्याच दिवशी बंद केली. भोरच्या बाजारातून डबलबेडची मच्छरदाणी आणली, चार खिळे ठोकले, झालं. ह्या सगळ्यात सगळ्यात सोपं आणि स्वस्त काम तेच होतं.

नेब्युलायझरबद्दल पण सांगते कारण माझ्यासारखे बरेच जण घेऊन टाकतात. तिसऱ्याच दिवशी संध्याकाळी लाईट गेली ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली, आणि पोराला रात्री धाप. मशीन कपाटात. परत मोटरसायकल, परत भोर. मग मी त्याला पुण्यात बालरोगतज्ञांना दाखवलं तेव्हा त्यांनी स्पेसर दिला, म्हणजे प्लॅस्टिकचा एक लांबट डबा, एका टोकाला औषधाचा पंप, म्हणजे इनहेलर, बसतो आणि दुसऱ्या टोकाला पोराच्या नाकातोंडावर नीट बसणारा मास्क, पंप दाबायचा आणि पोराने पाच-सहा श्वास साधेच घ्यायचे, बस. वीज नाही, आवाज नाही, काही शे रुपयांत येतो, आणि बहुतेक मुलांच्या धापेवर तो मशीनइतकंच काम करतो. मला कुणी आधी सांगितलं असतं तर! साध्या साबणाच्या पाण्यात बुडवून काढायचा आणि न पुसता तसाच वाळवायचा, पुसला की आत औषध चिकटतं. आणि मशीन वापरत असाल तर त्याची ती छोटी वाटी आणि मास्क दर वेळी धुऊन वाळवून ठेवा, आमच्याकडं ओलंच गुंडाळून कपाटात ठेवलेलं होतं आणि त्यात जंतू वाढले की तेच परत पोराच्या छातीत. गावात पंपाची भीती खूप, सवय लागते म्हणतात. वहिनीने पण विचारलं, "ताई, एकदा पंप लागला की आयुष्यभर ना?" डॉक्टरांनी तिला नीट समजावलं की औषध थेट श्वासनळीत जातं म्हणून डोस तोंडाने घ्यायच्या औषधापेक्षा कितीतरी कमी लागतो, सवय वगैरे लागत नाही. कुठला पंप, किती वेळा, ते मात्र डॉक्टर सांगतील तेवढंच, शेजारच्या पोराचा पंप आपल्या पोराला नाही.

आमच्या आशाताईंनी वहिनीला एक शिकवलं ते मला मशीनपेक्षा मोलाचं वाटतं. पोरगं शांत असताना, रडत नसताना, पोटाकडं बघून एक मिनिट पूर्ण श्वास मोजायचे. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाला ५० किंवा वर, एक ते पाच वर्षांच्या मुलाला ४० किंवा वर गेले तर दवाखाना. आणि श्वास घेताना बरगड्यांच्या खाली खड्डा पडत असेल तर मोजत पण बसायचं नाही, निघायचं. वहिनीच्या मोबाईलवर आता स्टॉपवॉच पहिल्या पानावर आहे.

मग पाणी तापवायचं काय करायचं, याच्यावर घरात महिनाभर चर्चा. दादा पहिल्यांदा म्हणाला रॉड आणतो. मी हात जोडले. पाण्यात सोडायचा रॉड, मोरीत ओली जमीन, लोखंडी बादली, अर्थिंगचा पत्ता नाही आणि दोन लहान पोरं, मला तर विचारानेच कसंतरी झालं. आणायचाच असेल तर आधी वायरमनकडून अर्थिंग बघून घ्या आणि तीस मिलीअँपिअरचा ईएलसीबी बसवा, करंट लागला की तो झटक्यात वीज तोडतो, आणि रॉडचं बटण बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्यात बोट पण घालायचं नाही. वीजबिलाचं पण गणित आहे. थंडीत एक बादली पाणी अंघोळीपुरतं तापवायला अर्ध्या युनिटपेक्षा जास्त वीज जाते, सहा बादल्या म्हणजे रोजचे तीन-साडेतीन युनिट, महिन्याचे शंभर. महावितरणचा शंभर युनिटपर्यंत एक दर आणि त्याच्या पुढं जवळपास दुप्पट, त्यामुळं बिल असं काही वाढतं की पुढच्या महिन्यात माणूस मुकाट्याने परत चुलीकडं जातो.

गावात दोन घरांनी गॅस गिझर घेतलाय, स्वस्त पडतो म्हणून. तो न्हाणीच्या आत भिंतीला लावलाय आणि थंडी येते म्हणून खिडकीला पोतं. हे वाचणारं कुणी असेल ज्याच्या गावाकडं असं आहे तर कृपा करून आजच फोन करा. बंद न्हाणीत गॅस जळला की कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नाही, रंग नाही, चक्कर येते आणि माणूस तिथंच पडतो, शहरात फ्लॅटमध्ये असे मृत्यू झालेले आहेत. गिझर बाहेरच्या भिंतीवर, मोकळ्या हवेत लावायचा आणि आत फक्त पाण्याचा पाईप आणायचा. दादाला घेऊन त्या दोन्ही घरी जाऊन मी स्वतः सांगून आले, एकाने हलवला, दुसऱ्याने अजून नाही.

सोलर बंबाचं मला फार मनात आहे. शंभर लिटरचा, काचेच्या नळ्यांचा, वीस हजाराच्या आसपास सांगतायत. पण त्याला वर टाकी पाहिजे, टाकीला दाबाने पाणी पाहिजे, आणि नळाला पाणी येतं एक दिवसाआड. आणि आमच्याकडं जून ते सप्टेंबर सूर्य दिसतच नाही, भोरच्या पश्चिमेला ज्याने पाऊस बघितलाय त्याला सांगायला नको. म्हणजे आठ महिने सोलर आणि चार महिने पुन्हा चूल. तरीही करायचंच असं ठरलंय, आठ महिने काही कमी नाहीत, पैसे मी आणि दादा अर्धे-अर्धे घालतोय, आप्पांनी भाताचे पैसे आले की टाकीचा खर्च आपण करतो म्हणून सांगितलंय.

तोपर्यंत जे केलं ते असं, की पाणचूल उठवली. खोलीच्या भिंतीपासून उचलून परसदाराच्या पार पलीकडच्या टोकाला, गोठ्याच्याही पुढं, वारं जिकडं वाहतं त्या बाजूला नेली. आईला दोन आठवडे राग होता कारण हंडा घेऊन पंचवीस पावलं जास्त चालायला लागतं, आणि ते खरंच आहे, तिच्या पाठीला ते जास्तच आहे, म्हणून आता हंडा दादा उचलतो, आधी कधीच उचलत नव्हता. वर पत्र्याचं धुराडं बसवलं. चुलीला जाळीचा तळ आणि खालून हवा यायला जागा केली, हे निर्धूर चुलीचं तत्त्व जुनंच आहे, सरकारने १९८३ पासून देशभर निर्धूर चुली वाटल्या होत्या, आमच्या गावात पण आलेल्या, धुराडी काजळीने तुंबली, साफ कुणी केली नाहीत आणि लोकांनी काढून टाकल्या. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या आरती संस्थेने सुधारित चुली, उसाच्या पाचटाचा कोळसा, घरगुती बायोगॅस यावर केवढं काम केलंय, दोनदा अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला त्यांना, २००२ आणि २००६ ला. चूल चांगली असू शकते. पण तिला राखणारा माणूस लागतो, आमच्याकडं धुराडं झाडायचं काम आता आप्पांचं, दर अमावस्येला, म्हणजे विसरायला नको.

सरपण माळ्यावर रचलं, पावसाळ्याआधी. प्लास्टिक पेटवणं बंद, त्यासाठी वहिनीने नारळाच्या शेंड्या आणि वाळलेला पातेरा एका पोत्यात भरून ठेवलाय.

आणि पोराचं अंथरूण त्या उबदार भिंतीपासून हलवलं. आता भिंत उबदार राहिलीच नाही म्हणा. पहिल्या रात्री तो रडला, भिंतीला हात लावून म्हणाला, "आत्या, भिंत गार झाली." त्याला पुण्याहून एक जाड दुलई नेऊन दिली.

फ्रीजचं राहिलं. तो दोन वर्षांपूर्वी आला आणि त्याचा खरा उपयोग मला यंदा कळला. पोरांचं अँटिबायोटिकचं जे पावडरवालं सिरप असतं, पाणी घालून हलवायचं, त्यातलं काही एकदा कालवलं की फ्रीजमध्येच ठेवायला लागतं आणि आठवड्याभरात संपवायचं असतं, बाटलीवर लिहिलेलं असतं. आमच्याकडं उरलेलं सिरप तीन महिने फ्रीजच्या दारात होतं, पुढच्या तापाला वापरू म्हणून. आणि पावसाळ्यात दोन-दोन दिवस लाईट नसते तेव्हा फ्रीज म्हणजे नुसतं कपाट, त्यातला भात, दूध पोरांना द्यायचं नाही एवढं वहिनीला सांगून ठेवलंय.

भाच्याचं विचाराल तर मार्चपासून आजपर्यंत त्याला दोनदा धाप लागली, एकदा मे महिन्यात सगळीकडं राब भाजतात, म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमिनीवर पालापाचोळा जाळतात, तेव्हा आणि एकदा ऑगस्टच्या सर्दीत. दोन्ही वेळा स्पेसरवर भागलं, रात्री भोरला जायला लागलं नाही. मच्छरदाणीने, की चूल हलवल्याने, की पंपाने, की नुसता एक वर्षाने मोठा झाला म्हणून, मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. राबाचं काय करायचं ते तर मला अजिबातच सुचलेलं नाही, अख्खा डोंगर धुरात असतो तेव्हा, त्या पंधरा दिवसांत त्याला माझ्याकडं धायरीला आणायचा विचार आहे, पण इथली सिंहगड रोडची हवा तरी कुठं मोठी चांगलीय.

आता दिवाळी तोंडावर आलीय. आमच्याकडं नरकचतुर्दशीला पहाटे तीनपासून पाणी तापतं, सगळ्यांच्या अंघोळी उजाडायच्या आत झाल्या पाहिजेत, चुलत्यांची घरं पण आमच्याच परसात येतात, म्हणजे वीस-बावीस माणसांचं पाणी. मोठ्या चुलत्यांची पाणचूल अजून जुन्याच जागी आहे, आमच्या खोलीच्या दुसऱ्या भिंतीला. काकूंशी मी फोनवर बोलले, त्या म्हणाल्या, तू आल्यावर बघू. शनिवारच्या सहाच्या एसटीचं तिकीट काढलंय, बरोबर धुराड्याचा एक जादा पत्रा घेतलाय.